गिअर टाकतं कोण?

आजीचा पितळी अडकित्ता आमच्याकडे अजून आहे. लहानपणी आम्ही भावंडं त्यावर पैजा लावायचो. सुपारी पात्याच्या बाहेरच्या कडेला धरली तर तळहात लाल व्हायचा आणि सुपारी ढिम्म. तीच सुपारी आत, जिथे दोन्ही पाती खिळलेली असतात तिथे सरकवली, की कट्! हात तोच, सुपारी तीच. मग दोन बोटं आत सरकल्याबरोबर तिच्यातला दगड जातो कुठे? आजी म्हणायची, ‘अडकित्त्याला विचार.’

चाळीसेक वर्षांनी अडकित्त्याला तो प्रश्न विचारायची वेळ आली, तीही मोटारीच्या बॉनेटखाली. आमची ऑक्टाव्हिया आता म्हातारी आहे. १.९ लिटरचं डिझेल इंजिन, पाच गिअर, दारं लावताना अजून तिजोरीसारखा आवाज. जन्म आमच्याच गावचा. स्कोडानं २००१ मध्ये जालना रोडवर शेंद्र्याला कारखाना काढला आणि भारतात पहिली गाडी जोडली ती हीच. तेव्हाच्या औरंगाबादेत गाड्यांचं वेड तसंही कमी नव्हतं. याच गावानं ऑक्टोबर २०१० मध्ये एका दमात १५० मर्सिडीज घेतल्या होत्या, त्यापुढे आमच्या ऑक्टाव्हियाची काय कथा! तिची एकच खोड. गिअरचा दांडा इतका लांब फिरतो, की शेजारी बसणाऱ्यानं गुडघा सांभाळून बसावं. म्हणून एका रविवारी अंगणातच तिला ‘शॉर्ट शिफ्टर’ बसवायचं ठरवलं. मदतीला जिन्सीतले मेकॅनिक चाचा.

शॉर्ट शिफ्टर म्हणजे गिअर पडायला हाताला जेवढं अंतर जावं लागतं, ते कमी करणारी जोडणी. रेसिंगच्या गाड्यांमुळे तिचं नाव झालं. पुष्कळांना वाटतं, ती बसवली की गिअरबॉक्स वेगवान होतो. मलाही तसंच वाटत होतं. चाचांनी बॅटरी सोडवता सोडवता माझा गैरसमजही सोडवला. गिअरच्या दांड्यावर टिचकी मारून म्हणाले, ‘साब, ये गिअर नै है. ये तो खाली चिठ्ठी है. गिअर अंदर बैठा है.’

दांडा म्हणजे नुसती चिठ्ठी! मग ती जाते कुणाला?

चला, आत उतरू. आणि उतरताच पहिला धक्का: आपण गिअर ‘टाकतो’ तेव्हा आतला एकही पुढचा गिअर जागचा हलत नाही. पाचही गिअरच्या दातेरी चाकांच्या जोड्या कायम एकमेकांत गुंतलेल्या असतात आणि गाडी पळत असताना सगळ्या एकदमच फिरत असतात. पहिलाही, पाचवाही. मग गाडी एका वेळी एकाच गिअरमध्ये कशी?

युक्ती अशी, की प्रत्येक जोडीतलं एक चाक खोक्यातल्या फिरत्या दांड्यावर सैल असतं. मनगटात सैल बांगडी फिरावी तसं. बांगडी फिरते, मनगट स्थिर. जोर पोहोचतच नाही. जोर पोहोचवायचा तर त्या बांगडीला मनगटाशी बांधायला हवं. हे बांधण्याचं काम करते एक सरकती कडी. शेजारी दांड्यावर पक्का बसवलेला एक दातेरी गोल असतो, त्यावर ही कडी बसलेली. ती जराशी सरकली, की तिचे दाते शेजारच्या सैल चाकाच्या दात्यांवर चढतात आणि चाक दांड्याशी एकजीव होतं. दाराला कडी घालावी, इतकं साधं. तिसरा गिअर टाकणं म्हणजे तिसऱ्या चाकाला कडी घालणं.

आणि ही कडी सरकते किती? सेंटिमीटरभर, बऱ्याचदा त्याहून कमी. वर आपला हात मात्र दहा-बारा सेंटिमीटर फिरलेला असतो. बारा सेंटिमीटरच्या हालचालीचं सेंटिमीटरभर काम! बाकीचं अंतर गेलं कुठे, हा प्रश्न इथे खिशात ठेवा. अडकित्ता त्याचं उत्तर देईल. त्याआधी कडीची खरी अडचण पाहू, कारण माझ्या मते मोटारीतलं सगळ्यात सुंदर कोडं तिथे आहे.

धावत्या एसटीत कधी चढलात? चढू नये, पण चढलो आहोत सगळेच. दांडी पकडण्याआधी आपण दोन-चार पावलं बसच्या वेगानं पळतो. का? उभ्यानं दांडी धरली तर हात खांद्यातून निघेल. कडीचं तेच. समजा, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये आहे आणि इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेतंय. दुसऱ्या गिअरचं प्रमाण २ ला १ धरा, तिसऱ्याचं १.३ ला १. गाडीचा वेग तोच ठेवून तिसरा टाकायचा, तर इंजिनकडच्या दांड्याला १९५० फेऱ्यांवर यावं लागेल. ३००० वरून १९५०! तुम्ही क्लच दाबून इंजिन सोडवलंत, पण क्लचची चकती, तो दांडा आणि त्याला गुंतलेली सगळी चाकं अजून जुन्याच तोऱ्यात गरगरताहेत. हजारभर फेऱ्यांचा हा फरक मिटवल्याशिवाय दात दातात जाणार नाही. जबरदस्ती केलीत, तर जो आवाज येतो तो सगळ्यांनी ऐकलेला आहे.

जुन्या काळी हा फरक चालवणाऱ्याला मिटवावा लागे. फ्रान्समध्ये पानार आणि लव्हासोर यांनी १८९१ च्या सुमाराला जी मोटार केली, तिच्यात चाकं खरोखरच सरकत आणि एकमेकांत घुसत. पुढे किती तरी वर्षं ड्रायव्हर क्लच दाबून न्यूट्रल करत, क्लच सोडत, कानानं इंजिनाचा सूर जुळवत, पुन्हा क्लच दाबून गिअर टाकत. एका गिअरसाठी दोनदा क्लच. कान कच्चा असेल तर भर रस्त्यात किरकिराट. जुने ट्रक ड्रायव्हर घाटात हा खेळ असा लीलया करत, की शेजारी क्लीनर झोपलेला असे.

मग अमेरिकेतल्या अर्ल थॉम्पसन नावाच्या इंजिनिअरनं एक यंत्रणा रचली आणि १९२८ मध्ये ती कॅडिलॅक गाडीत आली. नाव सिंक्रोमेश. चालवणाऱ्याचा कान आता पितळेच्या एका अंगठीत शिरला.

ही अंगठी चाचांकडे डब्यात एक पडलेली होती, घासून गुळगुळीत झालेली. त्यांनी ती माझ्या हातावर ठेवली. बांगडीएवढी, बाहेरून दाते, आतून किंचित निमुळती. आत बोट फिरवलं तर बारीक चऱ्या लागतात, ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या. निमुळती का? घरातले स्टीलचे पेले आठवा. एकात एक घातले आणि जरा दाबले, की असे बसतात की ओट्यावर आपटावे लागतात. थोडा उतार, थोडा दाब, आणि जबर पकड. अंगठी तशीच. कडी सरकू लागली की ती आधी या अंगठीला ढकलते, अंगठी चाकाच्या निमुळत्या मानेवर बसते आणि घासून घासून त्याचा वेग जुळवून घेते. दोन पावलं पळणारा तो एसटीचा प्रवासी म्हणजे ही अंगठी. उतार फार कमी ठेवला तर पेल्यांसारखी कायमची चिकटेल, फार जास्त ठेवला तर पकडणारच नाही. म्हणून तो सहसा सहा-सात अंशांच्या आसपास असतो. चिकटावं, पण सोडायची तयारी ठेवून!

बरं, वेग जुळेपर्यंत कडी थांबते कशी? आपला हात तर वरून ढकलतोच आहे. इथे मी खरोखर अंगणातल्या पायरीवर बसलो. अंगठी आपल्या जागेत थोडीशी, अर्ध्या दात्याएवढी, गोल फिरू शकते. जोवर वेगात फरक आहे, तोवर घर्षण तिला एका बाजूला ओढून धरतं आणि तिचे दाते बरोबर कडीच्या दात्यांसमोर येतात. दाराशी दारवान आडवा उभा राहावा तसे. जितकं ढकलाल तितकी अंगठी जास्त घासते, तितका दारवान जास्त घट्ट. ज्या क्षणी दोन्ही वेग एक होतात, त्या क्षणी घासण्यासारखं काही उरत नाही. ओढ संपते, अंगठी जराशी वळते, आणि टोकदार दात्यांची कडी तिच्या फटींतून सुळकन पलीकडे जाते.

विचार करा, काय आहे हे! ना सेन्सर, ना चिप, ना तार. वेग जुळला की नाही, हे एक मुका पितळेचा तुकडा ठरवतो, आणि त्याला ते चुकताच येत नाही. कारण ज्या घर्षणानं वेग जुळायचा, तेच घर्षण दार अडवून धरतं. काम संपलं की अडवणारा आपोआप संपतो. आणि हे सारं आपण ‘गिअर टाकला’ म्हणतो त्या पापणी लवण्याच्या वेळात.

त्या बारीक चऱ्या कशाला, तेही चाचांनीच सांगितलं. सगळा गिअरबॉक्स तेलात बुडालेला. दातांना, बेअरिंगला तेल हवंच. पण अंगठीला हवं घर्षण, आणि तेलाचा तर धंदाच घर्षण मोडायचा. चऱ्या वायपरसारख्या तेल कापून बाजूला सारतात, मग पितळ पोलादाला भेटतं. म्हणूनच या खोक्यात हाताला येईल ते तेल ओतून चालत नाही. काही तेलांत दातांच्या रक्षणासाठी गंधकाची औषधं जास्त घातलेली असतात. ती पितळेला बाधू शकतात. एकाच डबक्यातल्या तेलानं दातांवर निसरडं असावं आणि अंगठीवर नसावं, ही अपेक्षा घरात सासू-सून दोघींना खूश ठेवण्यासारखी. पण चांगलं तेल ती पाळतं.

आता खिशातला प्रश्न काढू. बारा सेंटिमीटरचा एक कसा झाला?

गिअरचा दांडा ही तरफ. वरचा भाग लांब, खालचा आखूड, मध्ये टेकू. लांब टोक खूप फिरतं, आखूड टोक थोडं. आणि ज्या प्रमाणात अंतर घटतं त्याच प्रमाणात जोर वाढतो. हाताच्या पाच किलोंच्या जोराचे आत कडीपाशी दहापट होऊ शकतात. अंतर हरवलेलं नसतं. त्याचा जोर झालेला असतो. सुपारीतला दगडही असाच जातो. आत सरकवलेल्या सुपारीसाठी हाताला तेवढंच दाबायला जास्त फिरावं लागतं, पण आपण फिरणं मोजत नाही, दुखणं मोजतो. शॉर्ट शिफ्टर हाच सौदा उलटा करतो. अंतर कमी कर, जोर मी लावीन.

सौदा नेमका कुठे होतो, हे पाहायला बॅटरीखाली जावं लागतं. जुन्या काही गाड्यांत गिअरचा दांडा सरळ गिअरबॉक्समध्येच रोवलेला असे. तिथे टेकू वर सरकवला की झालं. ॲम्बेसेडर आणि फियाटच्या कित्येक गाड्यांत तो स्टेअरिंगच्या बगलेला, तिथून खाली सळ्यांचं जंजाळ. आमच्या ऑक्टाव्हियात इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्याच्या डाव्या कुशीला, आणि दांडा पार मागे दोन सीटच्या मध्ये. दोघांना जोडतात दोन केबल.

केबल म्हटलं की मला बजाज स्कूटर आठवते. डाव्या मुठीत गिअर, मनगट फिरवलं की पडला. बजाजच्याच, आमच्याकडे वाळूजला १९८५ मध्ये उघडलेल्या कारखान्यात ज्या रिक्षा बनत आल्या त्यांतही तीच मूठ. तिथेही केबल दोनच. पण का दोन? कारण दोरीनं ओढता येतं, ढकलता येत नाही. एक केबल गिअर वर चढवायला ओढायची, दुसरी उतरवायला. मोटारीतल्या दोन केबलचं गणित वेगळं. इथे एक केबल दांड्याचं पुढे-मागे होणं नेते, दुसरी डावं-उजवं. आणि प्रत्येक केबल ओढतेही, ढकलतेही! तार ढकलली तर वाकणार. पण ती अंगाबरोबर बसणाऱ्या नळीत कोंडलेली आहे, वाकायला जागाच नाही. मग जाते कुठे? सरळ पुढे. अर्नेस्ट बाउडननं १८९६ मध्ये नळीतल्या तारेचं पेटंट घेतलं. सायकलच्या ब्रेकपासून मोटारीच्या गिअरपर्यंत आपण त्याच्या नळीतून ओढतो आहोत आणि ढकलतो आहोत.

या दोन केबल जिथे पोहोचतात, ती जागा बॅटरी आणि तिचा ट्रे काढल्यावर दिसली. करड्या ॲल्युमिनियमच्या खोक्यातून एक बोटभर जाडीचा दांडा डोकं वर काढून उभा. धुळीचा आणि तेलाचा थर. इंग्रजी एच अक्षरासारखा आपला सगळा गिअरचा नकाशा या एका दांड्यातून आत जातो. कसा? किल्लीसारखा. डाव्या-उजव्याची केबल त्याला वर-खाली करते. किती वर, किती खाली, यावर ठरतं की पहिला-दुसरा, की तिसरा-चौथा. पुढच्या-मागच्याची केबल त्याला फिरवते, की कडी सरकली. आधी किल्ली योग्य खोलीपर्यंत घालायची, मग वळवायची. दोन गिअर एकदम पडू नयेत म्हणून आत कुलूप आहे ते आहेच. ते नसतं तर गाडीला एकाच वेळी दोन वेगांनी जायचा हुकूम मिळाला असता, आणि गिअरबॉक्सनं जागेवर प्राण सोडला असता.

दांड्याच्या डोक्यावर एक लिव्हर होता आणि त्याच्या टोकाला मुठीएवढं लोखंडाचं वजन. मला वाटलं, कुणी तरी काही तरी विसरलं. गाडीचं वजन ग्रॅमनं वाचवणाऱ्यांनी इथे हा गोळा का टांगावा? चाचा म्हणाले, तो नसला तर हाताला ‘खडखड’ येते. बरोबर आहे. एकदा हलू लागला की गोळा आपल्या वेगानं हलत राहतो आणि अंगठी, कडी, दाते यांच्या बारीक-सारीक अडथळ्यांतून हाताला अलगद पार नेतो. मुसळ जड असतं ते याचसाठी. आपण फक्त दिशा देतो, कांडतं त्याचं वजन.

आता शॉर्ट शिफ्टर. तयार किट बाजारात मिळतात. आम्ही भंगारातून अगदी तसाच एक लिव्हर आणला, आणि चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका लेथवाल्यानं त्यावरची केबल अडकवायची खुंटी थोडी आत, दांड्याच्या जवळ बसवून दिली. एवढंच. हाच आमचा शॉर्ट शिफ्टर! सोयीसाठी धरू, की खुंटी आधी दांड्यापासून ५० मिलिमीटरवर होती, आता ३५ वर आली. किल्लीला पूर्वीइतकंच फिरायचंय, पण खुंटी जवळ आल्यामुळे तेवढं फिरायला केबल तीस टक्के कमी सरकली तरी पुरते. केबल कमी, म्हणून आपला हातही कमी. १२ सेंटिमीटरचे ८.४. आणि किंमत? पूर्वी जिथे ५ किलोंचा जोर लागे तिथे आता सात किलोंहून थोडा जास्त. सुपारी दोन बोटं बाहेर ओढली, दुसरं काही नाही.

काम म्हणाल तर तासाभराचं. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकाला वीट लावली, गाडी न्यूट्रलला. दहाच्या पान्यानं बॅटरीची आधी निगेटिव्ह तार, मग पॉझिटिव्ह. उलटं केलं आणि पाना चुकून बॉडीला टेकला तर दिवाळी. केबलच्या टोकावरची क्लिप काढली. ही क्लिप उडते. आमची उडाली, जास्वंदीच्या कुंडीत सापडली. तेराच्या गोटीनं दांड्यावरचा नट सोडला, जुना लिव्हर वर ओढला, नवा बसवला. खुंटीवर ग्रीस.

कौशल्य आहे ते यापुढे. केबलची लांबी जुळवायची. आतली किल्ली आणि बाहेरचा दांडा दोघांचं ‘मधोमध’ एकच असायला हवं. नाही तर तिसरा पूर्ण बसेल आणि चौथा अर्धाच. अर्धा बसलेला गिअर म्हणजे अर्धी लागलेली कडी, चढावर निसटणारच. त्यासाठी गाडीतच सोय आहे. केबलच्या टोकाला स्प्रिंगचे गळपट्टे असतात. ते ओढून पिळले की केबल सैल होते. मग गिअरबॉक्सचा दांडा खाली दाबून बाजूची एक वाकडी सळी आत सारायची, की तो न्यूट्रलला कुलूपबंद. आत गाडीत गिअरचं रेक्झिन वर करायचं आणि दांड्याच्या बुडातल्या भोकात एक खिळा घालायचा, की तोही कुलूपबंद. दोन्ही टोकं स्थिर झाली की गळपट्टे सोडायचे. स्प्रिंग स्वतःच केबलला बरोबर लांबीवर धरते. जुळवणाऱ्यानं काही मोजायचंच नाही, ही कल्पना ज्याला सुचली त्याला मनोमन नमस्कार.

खिळा म्हणून आम्ही ड्रिलचा बिट वापरला. मग बॅटरी न बसवताच मी ऐटीत सीटवर बसलो, क्लच दाबला आणि पहिला टाकला. हलेना. दुसरा? हलेना. जोर लावला, खालून ‘कर्र’ असा आवाज. अंगाला घाम फुटला. भंगारचा लिव्हर, लेथवाल्याची खुंटी, माझी हौस, सगळ्यांनी मिळून गिअरबॉक्स मारला म्हणायचा! चाचा शांतपणे आले, वाकले, भोकातला बिट उपसून माझ्या हातात दिला. ‘हौ, अब टाको.’

पहिला पडला. खट्.

हा ‘खट्’ सुद्धा दातांचा नाही बरं! आत स्प्रिंगवर बसलेली पोलादी गोळी असते. दांडा जागेवर आला की ती खाचेत पडते. आपण हातात जो ठामपणा अनुभवतो तो बराचसा या गोळीचा. गाडी खड्ड्यातून गेली तरी गिअर जागेवर राहावा, म्हणून तिचीही मदत असते. पूर्वी तोच खट् लांबच्या खोलीतून ऐकू यायचा, आता शेजारच्या. तरफ आखूड झाल्यानं आतलं सगळंच हाताला मोठ्यानं कळू लागलं: अंगठीचं बसणं, क्षणभराचा नकार, मग सुळकन वाट देणं.

आणि आत वेगवान काय झालं? काहीही नाही. ३००० वरून १९५० वर यायला अंगठीला जेवढं घासायचं ते तेवढंच. उलट तुम्ही घाई केलीत, तर तेवढंच काम तिला कमी वेळात करावं लागतं, म्हणजे उष्णता एकदम, झीज जास्त. शॉर्ट शिफ्टर बसवून मनगटाचे झटके देणाऱ्यांच्या अंगठ्याच मग डब्यात जमा होतात. चाचांच्या डब्यातली ती गुळगुळीत अंगठी कुणाची होती, ते त्यांनी सांगितलं नाही.

संध्याकाळी दौलताबादकडे निघालो. रस्ता किल्ल्याच्या तटबंदीतल्या दरवाजातून जातो. तिथे समोरून बस आली की थांबावंच लागतं, पुन्हा पहिला. पुढे खुलताबादचा घाट. दुसरा, तिसरा, वळणावर पुन्हा दुसरा. तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना अंगठीला उलटं काम: सुस्तावलेल्या दांड्याला पळवायचं. तिथे गिअरचा दांडा हाताला स्पष्ट सांगतो, थांब जरा. पूर्वी हे सांगणं लांबच्या फेऱ्यात विरून जायचं. आता थांबावंसं वाटतं. शेजारी बसलेल्या बायकोचा गुडघा मात्र सुखरूप होता आणि एवढ्या खटाटोपाचं तिनं मान्य केलेलं फलित तेवढंच.

अर्ल थॉम्पसनची गंमत सांगायची राहिलीच. गिअरच्या दांड्याला माणसाळवणारा हा गृहस्थ पुढे जनरल मोटर्समध्ये ‘हायड्रा-मॅटिक’ हा आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स घडवणाऱ्यांचा म्होरक्या झाला. त्यानंतर १९४० च्या ज्या ओल्ड्समोबिल गाड्यांत तो बसवला, त्यांत क्लचचं पेडलच राहिलं नाही. आता शेंद्र्याला जोडल्या जाणाऱ्या कोडिॲकलाही ते नाही. पण तिच्या आत डोकावलंत तर तीच सरकती कडी आणि तीच निमुळती अंगठी भेटेल. दोन क्लच, तेलाच्या दाबानं हलणारे हात, कुणी तरी कॉम्प्युटर हुकूम सोडणारा. चिठ्ठी लिहिणारा बदलला आहे, दारवान जुनाच.

एक मात्र झालं. बॅटरी काढल्यामुळे आमच्या रेडिओनं ‘सेफ’ असं लिहून तोंड बंद केलं. तो चालू करायचा कोड गाडीच्या मूळ कागदांबरोबर एका कार्डावर होता, आणि ते कार्ड घरात कुठल्या फायलीत आहे ते अजून सापडलेलं नाही. त्यामुळे घाटात ऐकायला फक्त ती पोलादी गोळी होती. खट्. वळण. खट्.